‘शून्य अपघात’ लिहिलेला अर्ज आधी बाजूला ठेवा : बांधकाम-सुरक्षा पुरस्काराच्या नव्या परीक्षकांसाठी

बडोद्यात आमचा बांधकामवाल्यांचा एक छोटा गट आहे. काही इंजिनिअर, दोन आर्किटेक्ट, माझ्यासारखे दोन-तीन निवृत्त सेफ्टीवाले. दरवर्षी ४ मार्चच्या आगेमागे आम्ही कामगारांना नीट जपणाऱ्या दोन-तीन बांधकाम कंपन्यांचा सत्कार करतो. ४ मार्च हा राष्ट्रीय सुरक्षा दिन, कारण १९६६ साली याच तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली. परीक्षक मंडळावर दर वर्षी नवी मंडळी येतात आणि जानेवारीत तेच तेच प्रश्न विचारतात. दांडिया बाजारातल्या आमच्या बैठकीत चहा गार होईपर्यंत मी उत्तरं देत बसतो. यंदा लिहूनच ठेवतो.

सुरुवातीला आमची एक फजिती सांगतो, म्हणजे पुढचा खटाटोप कशासाठी ते कळेल. पहिल्याच वर्षी आम्ही एका कंपनीला पुरस्कार दिला. नाव सांगत नाही. अर्ज देखणा होता, वर्षभरात एकही अपघात नाही, फाइलला रंगीत फ्लॅप. शाल-श्रीफळ झालं, फोटो झाले. दोन महिन्यांनी कडियानाक्यावर, म्हणजे सकाळी मजूर कामासाठी जमतात त्या चौकात, एक ओळखीचा मुकादम भेटला आणि हसत म्हणाला, "साहेब, त्यांच्या साइटवर आमच्या पोराचा हात मोडला होता की." मुलगा दाहोदकडचा. सेंट्रिंग, म्हणजे स्लॅबचा साचा, खोलताना प्लेट हातावर पडली. त्याला सरकारी सयाजी हॉस्पिटलला न नेता खासगी गाडीत घालून थेट गावी पोचवलं, महिन्याची हजेरी हातात ठेवली, आणि रजिस्टर कोरं राहिलं. म्हणजे आम्ही सत्कार केला तो कोऱ्या रजिस्टरचा.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. लपवणाऱ्याला बक्षीस आणि प्रामाणिकपणे नोंद करणाऱ्याला शिक्षा, असा पुरस्कार देण्यापेक्षा न दिलेला बरा. पुढचं सगळं याच धाग्यावर वाचा.

पहिलं काम : कोणाची तुलना कोणाशी

अर्ज उघडण्याआधी दोन ढीग करा. एका ढिगात भायली, सेवासी, गोत्रीकडच्या उंच इमारती, पूल आणि मोठी औद्योगिक कामं करणाऱ्या कंपन्या. दुसऱ्यात बंगले, चार मजली फ्लॅट, शाळेच्या खोल्या बांधणारे छोटे ठेकेदार. मोठ्यांकडे पगारी सेफ्टी ऑफिसर असतो, छोट्याकडे मालक स्वतःच स्कूटरवर हेल्मेटं घेऊन फिरतो. दोघांना एकाच फुटपट्टीने मोजलं तर छोटा कधीच येणार नाही, आणि बडोद्यातले बहुतेक मजूर छोट्याकडेच काम करतात.

पुरस्कार कंपनीला द्यायचा की साइटला, हेही आधी ठरवा. आम्ही साइटला देतो. एकाच कंपनीची एक साइट आदर्श आणि दुसरी देवाच्या भरवशावर, असं मी कितीदा तरी पाहिलंय. सगळा फरक प्रोजेक्ट मॅनेजरचा असतो.

भिंतीवरची प्रमाणपत्रं

नवे परीक्षक इथे पटकन दबतात. ऑफिसात शिरलं की समोर काचेची कपाटं. त्यातलं काय कशाचं आहे ते ओळखायला शिका. आयएसओ ४५००१ हा पुरस्कार नव्हे. २०१८ साली आलेल्या त्या मानकाप्रमाणे कंपनीची सुरक्षा-व्यवस्था आखलेली आहे, एवढंच ते प्रमाणपत्र सांगतं. ओएचएसएएस १८००१ लटकत असेल तर ते त्याच्या आधीचं, आता बाद झालेलं. राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचे पुरस्कार बांधकाम क्षेत्राला वेगळे मिळतात, त्यांना वजन आहे. ब्रिटिश सेफ्टी कौन्सिलचेही पुरस्कार आपल्याकडच्या कंपन्या मिळवतात. गुजरात सेफ्टी कौन्सिल तर आपल्या बडोद्यातच आहे, त्यांच्याकडच्या सन्मानांचीही पत्रं दिसतील. प्रत्येकावर तीन गोष्टी वाचा: वर्ष कोणतं, साइट कोणती, आणि त्या साइटवरची माणसं आज या साइटवर आहेत का. जामनगरच्या कामाला सहा वर्षांपूर्वी मिळालेली ट्रॉफी वासणा रोडवरच्या परांचीला आधार देत नाही.

अर्जातला आकडा

आता गणित. घाबरू नका, तिसरीतला गुणाकार-भागाकार आहे. अपघातांचा वारंवारता दर काढताना काम बुडवणाऱ्या इजांची संख्या गुणिले दहा लाख, भागिले एकूण मॅन-अवर्स, म्हणजे सगळ्यांनी मिळून केलेल्या कामाचे तास. आयएस ३७८६ या भारतीय मानकात हीच रीत आहे. दोनशे कामगार, रोज आठ तास, वर्षाचे तीनशे दिवस म्हणजे ४,८०,००० तास. एक अपघात झाला तर दर येतो २.०८. आता चाळीस कामगारांचा छोटा ठेकेदार घ्या. त्याचे तास ९६,०००. त्याच्याकडेही एकच अपघात झाला, तर दर १०.४. छोटा पाचपट धोकादायक ठरला का? नाही. छोट्या आकड्यांवर दर असाच उड्या मारतो. म्हणून छोट्यांच्या ढिगात दर बघूच नका, आणि मोठ्यांचा सलग तीन वर्षांचा बघा.

मॅन-अवर्स कोणाचे धरलेत, हा खरा प्रश्न. अपघात मोजताना फक्त कंपनीच्या पगारावरची माणसं आणि तास मोजताना लेबर कॉन्ट्रॅक्टरचीही, ही चलाखी जुनी आहे. वर अंश बारीक, खाली छेद लठ्ठ, दर आपोआप गोंडस. गेटवरचं हजेरी रजिस्टर मागवा आणि एका महिन्याचे तास स्वतः जोडा. अर्ध्या तासाचं काम आहे, पण अर्जदाराचा चेहरा तेवढ्यात बरंच सांगतो.

दुसरी चलाखी अठ्ठेचाळीस तासांची. ४८ तास किंवा त्याहून जास्त काम करता आलं नाही तर इजा सरकारला कळवावी लागते, ही बांधकाम नियमांतली जुनी रेषा. मग काय करतात? प्लास्टर घातलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी रिक्षाने आणून स्टोअरमध्ये स्टुलावर बसवतात आणि हजेरी लावतात. मी स्वतः पाहिलाय असा एक. गळ्यात हाताची झोळी, समोर खिळ्यांचा डबा, आणि तो डाव्या हाताने उगाच खिळे निवडत होता. कागदावर तो कामावर होता.

म्हणून अपघाताच्या रजिस्टरशेजारी प्रथमोपचाराचं रजिस्टर ठेवून वाचा. शंभर माणसांच्या साइटवर महिन्यात खरचटणं, खिळा टोचणं, डोळ्यात सिमेंट जाणं होणारच. तिथे आठवड्याला चार-पाच नोंदी, वेगवेगळ्या हस्ताक्षरांत, वेगवेगळ्या पेनांनी असतील तर मला बरं वाटतं. वर्षभराच्या नोंदी एकाच शाईत, एकाच वळणाने दिसल्या तर त्या एका बैठकीत लिहिल्या गेल्यात. आणि रजिस्टर रिकामं पण मलमपट्टीची पेटीही रिकामी, तर काय ते समजा.

‘निअर मिस’, म्हणजे थोडक्यात बचावल्याच्या नोंदी, हे माझ्या मते सगळ्यात मोलाचं पान. वरून पान्हा पडला, कोणाला लागला नाही, तरी लिहून ठेवला आणि पुढच्या आठवड्यात हत्यारांना दोरी बांधायला सुरुवात केली, अशी एक नोंद सापडली तर मी तिला दहा ‘शून्यां’पेक्षा जास्त गुण देतो.

कायद्याचे कागद थोडक्यात बघा, त्यावर दिवस घालवू नका. बांधकाम कामगारांचा १९९६ चा कायदा, त्याखालची नोंदणी, बांधकाम खर्चावरचा एक टक्का उपकर भरल्याची पावती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत, त्यामुळे कागदांवर जुनी-नवी दोन्ही नावं दिसतील. एक फरक लक्षात असू द्या. आधी ५०० कामगारांच्या बांधकामावर सेफ्टी ऑफिसर लागायचा, नव्या संहितेत ही संख्या २५० वर आली आहे. तीनशे माणसं असूनही "आम्हाला लागू नाही" म्हणणारा मॅनेजर अजून जुनंच वाचतोय.

साइटवर कधी जायचं

न सांगता जायचं. अर्जातच ‘मंडळ पूर्वसूचना न देता भेट देईल’ अशी ओळ असते, तिच्यावर सही घेतलेली असते, तेव्हा संकोच नको.

वेळही निवडा. होळीला दाहोद-झाबुआकडची माणसं गावी जातात, भगोरियाचा मेळा असतो, अर्धी साइट ओस पडते. परततात तेव्हा टोळी बदललेली असते, कालपर्यंत शेतात असलेला पोरगा आज आठव्या मजल्यावर. पण आमचा समारंभ मार्चच्या सुरुवातीला, त्यामुळे होळीनंतरची भेट जमत नाही. मग आम्ही दिवाळीनंतरचा पहिला आठवडा धरतो, तेव्हाही हीच अवस्था असते. नव्या माणसाला पहिल्या दिवशी काय दाखवलं, कोणी दाखवलं, ते त्याच आठवड्यात कळतं.

दुसरी फेरी उन्हाळ्यात, म्हणजे आदल्या मे महिन्यात. उन्हाळ्यात दुपारी एक ते चार उघड्यावर बांधकाम नको, असा आदेश राज्याचा कामगार विभाग काढतो. अडीच वाजता स्लॅबवर कोण आहे ते पाहा, पाण्याच्या माठाला हात लावून पाहा. आम्ही हे शिकलो त्या दिवशी आमच्यातल्याच एकाला ऊन लागलं होतं, ही गोष्ट वेगळी.

काय बघायचं

यादी हातात घेऊन खुणा करत फिरू नका, लोक यादीकडे बघून वागतात. नजर ठेवा आणि गाडीत बसल्यावर लिहा. माझ्या चार-पाच ठरलेल्या जागा आहेत.

पहिली, लिफ्टचा खड्डा आणि डक्ट, म्हणजे पाइपांसाठी सोडलेली उभी पोकळी. सगळ्या मजल्यांवर जाळी किंवा कठडा आहे का? खालच्या दोन मजल्यांवर असतोच, तिथवर पाहुणे जातात. तुम्ही सहाव्यावर जा.

दुसरी, परांची. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या सुरक्षा नियमांत ३.६ मीटरवरच्या परांचीला किमान ९० सेंटिमीटर उंचीचा कठडा सांगितलाय. कठडा असतो, पण फळ्या सुट्या असतात. एका टोकावर पाय देऊन बघा, दुसरं टोक उचललं गेलं तर समजा.

तिसरी, बेल्ट. मजूर त्याला बेल्टच म्हणतात, तुम्हीही तेच म्हणा. कमरेचा पट्टा चालत नाही, खांद्या-मांड्यांतून जाणारा पूर्ण हार्नेस हवा. तो घातला आहे यावर खूश होऊ नका, हूक कशात अडकवलाय ते बघा. सळईच्या टोकात किंवा परांचीच्या आडव्या पाइपात अडकवलेला हूक फोटोपुरता. अजून एक गोष्ट भल्याभल्यांना सुचत नाही. १.८ मीटरची दोरी, झटका खाताना उलगडणारा शॉक अ‍ॅब्झॉर्बर आणि माणसाची उंची धरली तर खाली साधारण पाच-सहा मीटर मोकळी जागा लागते. पहिल्या मजल्याच्या स्लॅबवर, तीन मीटरवर, तोच बेल्ट माणूस जमिनीवर आपटल्यावर ताणला जाणार. तिथे कठडा किंवा आखूड दोरी हवी. साइट इंजिनिअरला हे विचारा. "हो, म्हणून इथे कठडाच बांधलाय," असं न अडखळता उत्तर आलं तर तिथल्या तिथे गुण लिहा.

चौथी, वीज. तात्पुरत्या पॅनेलवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की पुरवठा तोडणारा खटका, असतो, त्यावर ‘टी’ लिहिलेलं छोटं बटण असतं. इलेक्ट्रिशियनला म्हणा, "दाबून दाखव." खटका पडायला हवा. एका साइटवर बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. इलेक्ट्रिशियनने आमच्याकडे पाहिलं, आम्ही त्याच्याकडे. त्याने झाकण उघडलं तर आतून तार थेट जोडलेली, कारण पावसात ‘सारखा ट्रिप व्हायचा’. सारखा ट्रिप होत होता म्हणजे कुठेतरी वीज गळत होती, आणि यांनी सांगणाऱ्याचंच तोंड बांधलं होतं.

पाचवी, खोदकाम. बेसमेंट किंवा पाइपलाइनचा चर दीड मीटरहून खोल असेल तर बाजू पायऱ्यांनी मागे सरकवलेल्या किंवा टेकू दिलेल्या हव्यात. उपसलेली माती काठापासून दीड मीटर किंवा खोलीच्या निम्मं, यांत जे जास्त असेल तेवढी दूर. चढायला शिडी आहे की मजूर मातीत पाय रोवून वर येतो, ते दोन मिनिटं उभं राहिलं की दिसतं. बडोद्यात आम्ही याला जोडून एक प्रश्न हमखास विचारतो: ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा तुमची लेबर कॉलनी कुठे हलवली, खालची पॅनेलं कोणी बंद केली, किती वाजता? ज्यांनी काही केलं होतं त्यांना वेळसुद्धा आठवते.

हेल्मेट-बुटांबद्दल एवढंच, की आयएसआयची खूण बघा आणि हनुवटीखालचा पट्टा बांधलाय का ते बघा. हेल्मेट पिवळं की पांढरं, नवं की मळकं, याला माझ्याकडे गुण नाहीत. उलट सगळ्यांच्या डोक्यावर कोरी करकरीत हेल्मेटं दिसली की मी गेटवरच्या वॉचमनला विचारतो, "आज वाटली का?"

आणि लेबर कॉलनी बघायला विसरू नका. बहुतेक परीक्षक स्लॅबवरून थेट ऑफिसच्या नाश्त्याकडे वळतात. मागे जा. संडास, पाणी, बायका आंघोळ कुठे करतात, पोरं कुठे खेळतात. पन्नासहून अधिक स्त्रिया कामावर असतील तर पाळणाघर द्यावं लागतं, असं १९९६ च्या कायद्यातच होतं. सळयांच्या ढिगाजवळ झोळीत मूल झोपलेलं दिसलं तर बाकीचे कागद कितीही छान असोत, माझा हात आखडतो.

मजुरांशी बोलणं

हे करायला नवे परीक्षक बिचकतात. सुपरवायझर शेजारी उभा असताना विचारलेला प्रश्न वाया जातो, म्हणून जेवणाच्या सुट्टीत जा आणि सुपरवायझरला कसलातरी कागद आणायला पाठवा. भाषा बघा. गुजराती, हिंदी चालते, पण दाहोदकडच्या बायका आपसात भिली बोलतात आणि सेंट्रिंगवाल्यांत ओडिया, भोजपुरी ऐकू येते. मग रोज सकाळचा टूलबॉक्स टॉक, म्हणजे काम सुरू करण्याआधीच्या सुरक्षेच्या चार गोष्टी, कोणत्या भाषेत होतो? फक्त इंग्रजी पोस्टर आणि साहेबाची मराठी-गुजराती असेल तर तो कवायतीचा भाग.

‘तुम्हाला सुरक्षिततेचं शिक्षण मिळालं का’ असं विचारू नका, उत्तर ‘हां साहेब’ येणार. "कोई पडी जाय तो शुं करो छो?" असं विचारा. गाडी कोणती, कोणत्या हॉस्पिटलला, पैसे कोण देतं, सोबत कोण जातं. चार जणांनी एकच उत्तर दिलं तर व्यवस्था आहे. मग विचारा, "भीती वाटली म्हणून काम थांबवलं, असं शेवटचं कधी झालं? मग काय झालं? त्या दिवसाची हजेरी मिळाली?" एका साइटवर एका बाईने सांगितलं की होइस्टची, म्हणजे माल वर चढवणाऱ्या यंत्राची, दोरी विस्कटलेली दिसली म्हणून तिने टोपली भरायला नकार दिला, मुकादम ओरडला, पण इंजिनिअरने येऊन दोरी बदलली आणि मुकादमाला सगळ्यांसमोर झापलं. त्या साइटच्या अर्जात दोन अपघात नोंदलेले होते. पुरस्कार आम्ही त्यांनाच दिला.

गुण आणि भांडणं

शंभरातले वीस कागदांना, चाळीस साइटला, पंचवीस मजुरांच्या बोलण्याला, पंधरा झालेल्या अपघातानंतर काय बदललं याला. प्रत्येक परीक्षकाने आपले गुण घरी बसून लिहायचे, बैठकीत नाही, नाहीतर जो मोठ्याने बोलतो त्याचेच गुण सगळे लिहितात.

मृत्यू झाला असेल तर काय? आमच्याकडे यावर दरवर्षी खडाजंगी होते. आयएस ३७८६ च्या हिशेबात एक मृत्यू म्हणजे ६००० बुडालेले मनुष्यदिवस. आम्ही त्या साइटला त्या वर्षी थांबवतो, पुढच्या वर्षी दार उघडं. पण लपवलेली इजा सापडली तर तीन वर्षं अर्जच घेत नाही. काहींना हे उलटं वाटतं. मला नाही वाटत.

नात्यागोत्याचं उघड बोला. बडोद्यातलं मराठी बांधकामविश्व लहान आहे, कोणाचा मेहुणा कोणाचा स्ट्रक्चरल इंजिनिअर हे रावपुऱ्यात सगळ्यांना ठाऊक असतं. ज्याचं नातं असेल त्याने त्या अर्जापुरतं बाहेर जाऊन भजी मागवावीत.

समारंभ

मालकाला शाल द्या, हरकत नाही. पण मंचावर मुकादम, एक गवंडी आणि एक बिगारी यांना बोलवा, आणि त्या दिवसाची हजेरी कंपनीने द्यायची ही अट आधीच लिहून घ्या. पहिल्यांदा बोलावलं तेव्हा त्या बिचाऱ्यांचा अर्धा खाडा मांडला होता. निवडपत्रात ‘उत्कृष्ट सुरक्षेबद्दल’ असलं मोघम लिहू नका. ‘होइस्टची दोरी कामगाराच्या सांगण्यावरून बदलल्याबद्दल’ असं लिहा, म्हणजे बाकीच्यांना कळतं की कशाला मान मिळतो.

राहिले ते न निवडलेले. त्यांना आठवड्याच्या आत पत्र गेलं पाहिजे: काय चांगलं दिसलं, कुठे फळी सुटी होती, कोणत्या मजल्यावरची जाळी नव्हती. हे काम कंटाळवाणं आहे आणि नेहमी नव्या परीक्षकांच्याच गळ्यात पडतं, यंदाही पडेल. गेल्या वर्षी आरसीसीबीवाल्या त्या ठेकेदाराला मी असं पत्र पाठवलं होतं. पंधरा दिवसांनी त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर दहा सेकंदांचा व्हिडिओ पाठवला. पॅनेल, बोट, बटण, खट.